स्वस्त कन्व्हर्टर, जुना सिंथ आणि नेमका सूर

जुना ॲनालॉग सिंथेसायझर हाती आला की पहिला प्रश्न पडतो जोडणीचा. आजचा कीबोर्ड किंवा संगणक मिडीचे आकडे पाठवतो. मिडी आलं १९८३ मध्ये. त्याआधीच्या सिंथला कळतं ते फक्त व्होल्टेज. या दोघांमध्ये बसते ती कन्व्हर्टरची छोटी डबी. पुढे आवाजाला रंग द्यायला एखादं फिल्टर मॉड्यूल. दोन्ही स्वस्तात मिळतात आणि चांगली चालतात. फक्त पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हे ठरवण्यासाठी आत काय चालतं ते समजून घ्यायला हवं.

पट्टी दाबली की मिडी संदेशात तिचा क्रमांक जातो, ० ते १२७ पैकी एक. कन्व्हर्टर त्या क्रमांकाचं व्होल्टेज करतो. बहुतेक सिंथमध्ये हिशेब सोपा असतो: एक सप्तक वर गेलं की एक व्होल्ट वाढतो. सप्तकात बारा पट्ट्या, म्हणजे प्रत्येक पट्टीला सुमारे ८३.३ मिलिव्होल्ट. दहा मिलिव्होल्टची चूक झाली तर सूर १२ सेंट, म्हणजे पट्टीचा जवळजवळ आठवा भाग, हलतो. तयार कानाला ते लगेच खटकतं.

सगळे सिंथ हा हिशेब पाळत नाहीत. १९७८ चा कॉर्ग एमएस-२० हर्ट्झ-प्रति-व्होल्ट पद्धतीचा आहे. तिथे सप्तकागणिक व्होल्टेज दुप्पट होतं: १, २, ४, ८. अशा सिंथला नेहमीचा कन्व्हर्टर लावला तर १, २, ३, ४, ५ व्होल्ट जातात आणि पाच सप्तकांतले पाच षड्ज वाजण्याऐवजी सा, वरचा सा, त्याचा पंचम, त्यापुढचा सा आणि मग गंधार असे स्वर ऐकू येतात. वर जाताना अंतरं अशी आकसत गेली, तर सिंथ बिघडला असं समजू नका. कन्व्हर्टरची पद्धत बदला.

दुसरी तार गेटची. स्वर कधी सुरू करायचा आणि कधी थांबवायचा, हे ती सांगते. बऱ्याच सिंथमध्ये पट्टी दाबल्यावर गेट शून्यावरून पाच व्होल्टच्या आसपास जातं. मिनिमूग आणि एमएस-२० यांचं उलट आहे: पट्टी दाबली की त्यांची ट्रिगरची तार ग्राउंडला जोडली जावी लागते. गेट उलटं पडलं की पट्टी सोडल्यावर आवाज सुरू होतो. म्हणून गेटची दिशा बदलता येणारा कन्व्हर्टरच घ्यावा.

आता सूर लावणं. आधी सिंथ वीस-तीस मिनिटं तापू द्या. मग कन्व्हर्टर सिंथला जोडलेला असतानाच मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. सप्तकाच्या अंतराने एकच स्वर वाजवत वर जा. सप्तकाला एक व्होल्ट या पद्धतीत दर वेळी वाढ १.००० व्होल्ट यायला हवी. कमी-जास्त असेल तर कन्व्हर्टरवरचा बारीक ट्रिमर पेचकसाने हळूहळू फिरवा. वाढ बरोबर आली तरच सिंथचा ट्यूनिंग नॉब हातात घ्या.

यानंतर फिल्टर. सिंथचा आवाज फिल्टरमध्ये घालताना पातळी बघा. मॉड्यूलर रॅकमधला आवाज टोकापासून टोकापर्यंत दहा व्होल्टच्या घरात असतो, त्यामुळे लहान यंत्राच्या इनपुटला देण्यापूर्वी तो कमी करावा लागतो. २०१० मध्ये आलेल्या कॉर्ग मोनोट्रॉनमध्ये एमएस-२० घराण्याचाच फिल्टर आहे आणि बाहेरचा आवाज घेणारं सॉकेटही आहे. बाहेरच्या व्होल्टेजने कटऑफ, म्हणजे फिल्टर जिथून आवाज कापतो ती मर्यादा, फिरवायची सोय मात्र त्यात नाही.

ती सोय असलेलं मॉड्यूल असेल, तर स्वराचंच व्होल्टेज फिल्टरलाही द्यावंसं वाटतं, म्हणजे वरचे स्वर मंद पडत नाहीत. इथे साधी दुभागणारी केबल घात करते. कन्व्हर्टरचा आउटपुट रोध एक किलोओहम आणि दोन्ही इनपुट शंभर किलोओहमचे धरले, तर फिल्टर जोडताच सप्तकामागे आणखी सुमारे १२ सेंट उतरतात. तीन सप्तकांवर पट्टीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. उपाय म्हणजे बफर असलेला मल्टिपल, म्हणजे व्होल्टेज न उतरवता ते दोन ठिकाणी वाटणारं मॉड्यूल. तो नसेल, तर दोन्ही जोडून ठेवून पुन्हा सूर लावा.

मिडी नॉबने कटऑफ फिरवताना आवाज पायऱ्यापायऱ्यांनी सरकतो, कारण साध्या मिडी नॉबच्या जागा १२८ च. त्या पाच व्होल्टवर पसरल्या की एक पायरी ३९ मिलिव्होल्टची होते. रेझोनन्स वाढवला की ती स्पष्ट ऐकू येते. व्होल्टेजचा बदल सावकाश करणारं स्ल्यू मॉड्यूल मध्ये घातलं की ती गुळगुळीत होते.

पैशांचं उत्तर यातच आहे. फिल्टरचा कटऑफ थोडा इकडे-तिकडे झाला तर आवाजाचा रंग बदलतो, आणि तो कधीकधी आवडतोही. स्वराचं व्होल्टेज चुकलं तर गाणं बेसूर होतं. म्हणून फिल्टर स्वस्त चालेल. कन्व्हर्टर घेताना मात्र ट्रिमर, दोन्ही पद्धती आणि गेटची दिशा एवढं तपासूनच पैसे मोजा.