टपरीवरचा बोलका डबा

सकाळचे साडेनऊ. लोणी स्टेशन चौकात सोलापूर रोडवर टँकरची रांग लागलेली. दौंडकडून आलेल्या गाडीतून उतरलेले लोक आणि कॉलेजची पोरं एकाच टपरीला चिकटलेली. मावशींचा एक हात पातेल्यावर, दुसरा गाळणीवर. तेवढ्यात कोपऱ्यातला निळा डबा बोलतो, ‘दहा रुपये प्राप्त झाले.’ मावशी मान वर न करताच म्हणतात, ‘आला बघ तुझा, घे कटिंग.’

हा डबा तुम्ही रोज ऐकता. इतका रोज, की आता तो कानावर पडतो पण लक्षात येत नाही. गेल्या आठवड्यात मी तो नीट ऐकायचं ठरवलं. कारण आपल्याकडे लोणी काळभोरला स्टार्टअप म्हटलं की डोळ्यासमोर येतं राजबागेतलं कॅम्पस, प्रोजेक्टर, पिच डेक आणि ‘आमचं प्रॉब्लेम स्टेटमेंट असं आहे की...’ गेटबाहेरच्या टपरीवर मात्र एक प्रॉब्लेम खरोखर सुटलाय. त्याच्याकडे आपण कधी बघितलंय का?

डबा आला कशासाठी?

थोडं मागे जाऊ. यूपीआय सुरू झालं एप्रिल 2016 मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी झाली आणि टपऱ्यांवर क्यूआर कोड चिकटू लागले. पैसे देणाऱ्याची सोय झाली. घेणाऱ्याचं काय? गर्दीच्या वेळी दहा जण मोबाईल नाचवत ‘केले, केले’ म्हणणार. कुणी जुनाच स्क्रीनशॉट दाखवणार. दुकानदाराचे हात पिठात नाही तर दुधात. तो मेसेज उघडून बघणार कधी? शिवाय रात्रीत कुणी आपला क्यूआर कोड दुकानाच्या कोडवर चिकटवून गेलं, तर दिवसभराची कमाई भलत्याच्या खात्यात.

या अडचणीवर उत्तर म्हणून हा साउंडबॉक्स आला. आत स्वतःचं सिमकार्ड, त्यामुळे दुकानदाराच्या फोनची गरज नाही. पैसे जमा झाल्याचा निरोप थेट कंपनीच्या सर्व्हरवरून येतो आणि डबा तो मराठीत वाचून दाखवतो. स्क्रीनशॉट कितीही खरा दिसू दे, डबा गप्प तर चहा नाही. ‘आधी मी पोरांच्या तोंडाकडं बघून ठरवायची, दिले असतील का नसतील. आता डबा सांगतो,’ मावशी म्हणाल्या. यात भपकेबाज तंत्रज्ञान काही नाही. कुणीतरी टपरीवर उभं राहून बघितलं, एवढंच.

फुकट म्हणजे किती?

आता गंमत बघा. तुम्ही दहा रुपये पाठवता तेव्हा मावशींना पूर्ण दहा मिळतात. जानेवारी 2020 पासून यूपीआयच्या साध्या व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घ्यायचं नाही, असा सरकारी नियम आहे. छोट्या दुकानदारांच्या व्यवहारांसाठी सरकार बँकांना प्रोत्साहन रक्कम देतं. 2024-25 या वर्षासाठी 1,500 कोटी रुपये मंजूर झाले होते. ऑगस्ट 2025 मध्ये तर देशात एका महिन्यात 2,000 कोटींहून जास्त यूपीआय व्यवहार झाले. मग व्यवहारावर पैसे मिळत नाहीत, तर या कंपन्या चालतात कशावर?

एक उत्तर निळ्या डब्यातच आहे. त्याचं भाडं. मावशींच्या खात्यातून महिन्याला शंभर रुपये कापले जातात. ‘एका कपामागं मला तीन-चार रुपये सुटतात,’ त्यांनी हिशोब मांडला. म्हणजे महिन्याचे तीसेक कप त्या नुसत्या डब्यासाठी उकळतात. दुसरं उत्तर कर्जाचं. रोज किती जमा होतं ते दिसत असल्यानं ॲपवर ‘तुमच्यासाठी कर्ज मंजूर’ असा मेसेज येतो. पैसे बहुतेकदा एखादी वित्त कंपनी देते आणि हप्ता रोजच्या जमेतून परस्पर वळता होतो. बँकेत ज्याला कुणी उभं करत नाही, त्याला हे मोठं वाटतं. पण पावसात धंदा बसला तरी हप्ता बसत नाही. मावशींनी कर्ज घेतलं नाही. त्यांच्या शेजारच्याने घेतलंय. ‘त्याचा डबा पैसे आले म्हणून वराडतो, पण संध्याकाळी खात्यात कमीच दिसतात,’ त्या हसत म्हणाल्या. त्या हसल्या, पण मला हसू आलं नाही.

बेंगळुरूची धास्ती

जुलै 2025 मधली बातमी आठवतेय? बेंगळुरूतल्या छोट्या विक्रेत्यांना यूपीआयच्या जमेवरून जीएसटीच्या नोटिसा गेल्या आणि दुकानांवर ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. पुढे जुनी वसुली करणार नाही, असं तिथल्या सरकारनं सांगितलं. तरी ती बातमी व्हॉट्सॲपवरून लोणीपर्यंत पोचलीच.

नियम काय आहे? ढोबळमानानं, वर्षाची उलाढाल वस्तूंच्या विक्रीत 40 लाख आणि सेवांमध्ये 20 लाख रुपयांच्या वर गेली तर नोंदणी लागते. चहा-नाश्ता सेवेत धरला जातो. वीस लाख म्हणजे दिवसाला साधारण साडेपाच हजार. मावशींचा गल्ला त्याच्या खाली आहे. पण त्यांच्या त्याच क्यूआर कोडवर भिशीचे पैसे येतात, भाच्याने पाठवलेले दवाखान्याचे पैसे येतात, भावाने फेडलेली उसनवारी येते. मशीनला भिशी आणि चहा यातला फरक कळत नाही. उद्या कुणी विचारलं तर सांगायला त्यांच्याकडे वही नाही.

दुरुस्तीच्या टेबलावरची कंपनी

इथे मला पुण्याचीच एक गोष्ट आठवते. सातारा जिल्ह्यातले कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीत शिरले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान, मग कॉम्प्युटर. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये पुन्हा पुन्हा व्हायरस सापडायचे. कॉम्प्युटर शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्यातून उभी राहिली क्विक हील, जी 2016 मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. प्रॉब्लेम स्टेटमेंट शोधायला ते कुठे गेले नाहीत. ते रोज गिऱ्हाइकाच्या हातातून टेबलावर येत होतं.

आणि आपण? आमच्या ओळखीच्या एका ग्रुपने चहाची आगाऊ ऑर्डर द्यायचं ॲप बनवलं होतं. स्लाइड्स भारी होत्या. मावशींना दाखवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘मी फोन बघू का दूध?’ ग्रुप गप्प. त्यांना आधी विचारलंच नव्हतं.

तुम्ही काय कराल?

ॲप बनवायलाच हवं असं नाही. पुढच्या वेळी अर्धा तास टपरीवर बसा. मावशींसाठी, काकांसाठी धंद्याचं वेगळं बँक खातं उघडायला मदत करा आणि क्यूआर त्याला जोडा. घरचे पैसे वेगळे, चहाचे वेगळे; अर्धी भीती तिथेच जाते. पैसे घेताना पिन टाकावा लागत नाही, हे त्यांना समजावून सांगा. फसवणूक झालीच तर 1930 वर लगेच फोन करायचा, हा नंबर टपरीवर मोठ्या अक्षरात लिहा. आणि खिशात वीस-तीस रुपये सुटे ठेवा. 12 एप्रिल 2025 च्या शनिवारी देशभर यूपीआय अडकलं, तेव्हा उधारी टपरीवाल्यांनीच सोसली. सर्व्हर बंद पडला तरी पातेलं उकळतच असतं.

निघताना मावशींनी विचारलं, ‘पेपरात नाव छापणार का माझं?’ नाही म्हटलं. ‘बरं झालं. मग ते खात्याचं कधी करायचं?’

शनिवारी करायचं ठरलंय. दुपारी तीनला, गर्दी कमी असते तेव्हा. तुमच्या टपरीवर तुम्ही कधी जाताय?