ईश्वरी सान्निध्य व प्रीती यांवरील ख्रिस्ती विश्वास : पंडिता रमाबाईंच्या जीवनाच्या संदर्भात

प्रस्तावना

पंडिता रमाबाई (१८५८-१९२२) यांचा अभ्यास महाराष्ट्रात प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे. सामाजिक सुधारणेच्या इतिहासात त्या स्त्रीशिक्षणाच्या पुरस्कर्त्या व विधवांच्या आश्रयदात्या म्हणून येतात; तेथे त्यांच्या धर्मश्रद्धेचा उल्लेख बहुधा वादाचा विषय म्हणून होतो. मिशनरी परंपरेतील चरित्रांत त्या श्रद्धावान भक्त म्हणून येतात. तेथे त्यांची चिकित्सक बुद्धी व स्वतंत्र बाणा मागे पडतो. या दोन्ही पद्धतींत एकाच व्यक्तीचे दोन तुकडे होतात. ईश्वर आपल्या सन्निध आहे व तो आपल्यावर प्रीती करतो हा विश्वास रमाबाईंच्या कार्याला लागून आलेली खाजगी बाब नव्हता, तर त्या कार्याचा आधारच होता. या विश्वासाचे नेमके स्वरूप काय, तो कसा घडला आणि दुःखाच्या प्रसंगी त्याचे काय झाले, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संकल्पनेचे स्पष्टीकरण

मराठीत 'श्रद्धा', 'विश्वास', 'भाव' व 'भरवसा' हे शब्द पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. ख्रिस्ती विचारात मात्र दोन गोष्टींत भेद करणे आवश्यक ठरते. एखादे विधान सत्य आहे असे बुद्धीने मान्य करणे ही एक गोष्ट होय. एखाद्या व्यक्तीच्या हाती स्वतःला सोपविणे ही दुसरी. पूल भक्कम आहे हे मान्य करणे आणि त्यावरून चालत जाणे यांत जे अंतर आहे, तेच या दोहोंत आहे. पवित्र शास्त्राच्या जुन्या करारात विश्वासासाठी येणारा हिब्रू शब्द 'एमुना' हा दृढपणा व भरवशाचेपणा दर्शवितो. नव्या करारातील 'पिस्तिस' या ग्रीक शब्दातही मान्यता, भरवसा व निष्ठा या तिन्ही छटा आढळतात.

या विश्वासाचा विषय दुहेरी आहे. पहिला, ईश्वराचे सान्निध्य. ख्रिस्ताला दिलेल्या 'इम्मानुएल' या नावाचा अर्थच 'आम्हांबरोबर देव' असा आहे. दूर राहून जगाचा न्याय करणारा ईश्वर येथे अभिप्रेत नाही. मानवी देह, भूक, अपमान व मरण यांत उतरलेला ईश्वर अभिप्रेत आहे. दुसरा, ईश्वराची प्रीती. नव्या करारात यासाठी 'अगापे' हा ग्रीक शब्द येतो. ही प्रीती समोरच्याची योग्यता पाहून दिली जात नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात तर प्रीतीला ईश्वराच्या अनेक गुणांपैकी एक न मानता त्याचे स्वरूपच मानले आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. ईश्वराच्या प्रीतीवर विश्वास म्हणजे संकट येणारच नाही अशी खात्री नव्हे. स्तोत्रसंहितेतील अनेक स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांत भक्त ईश्वराला उघडपणे जाब विचारतो. वधस्तंभावरील ख्रिस्तानेही अशाच एका विलापस्तोत्राचे शब्द उच्चारले, असे शुभवर्तमानात नोंदलेले आहे. तात्पर्य, तक्रार ही या परंपरेत अविश्वासाची खूण मानलेली नाही. संबंध टिकून आहे म्हणूनच तक्रार करता येते.

दुष्काळ आणि रिता झालेला विश्वास

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व निष्ठावान वैष्णव ब्राह्मण होते. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांनी सनातनी लोकांचा रोष पत्करला होता. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत व पुराणकथन करून निर्वाह करीत देशभर फिरत असे. रमाबाईंचे संस्कृत शिक्षण याच भटकंतीत आईकडून झाले. १८७० नंतरच्या दशकातील दुष्काळात या कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. जवळचे द्रव्य दानधर्म, व्रते व अनुष्ठाने यांत खर्च झाले होते. अंगमेहनतीच्या कामाची सवय नव्हती आणि भीक मागणे कमीपणाचे वाटत होते. वडिलांनी जलसमाधीचा विचारही केला होता. १८७४ साली वडील व त्यामागोमाग आई आणि थोरली बहीण यांचे निधन झाले.

या अनुभवाची हकीकत रमाबाईंनी पुढे स्वतः लिहून ठेवली. त्यांच्या लेखनात आईवडिलांविषयी उपहास नाही, अत्यंत आदर आहे. त्यांच्या मनात उरला तो प्रश्न मात्र कठोर होता. सर्व विधी यथासांग पार पाडूनही उत्तर मिळाले नाही, तर विश्वास ठेवायचा तो कशावर? भाऊ श्रीनिवास याच्यासह हजारो मैलांची पायपीट करून त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांच्या विद्वत्तेचा 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरव झाला. पण हा प्रश्न सुटला नव्हता. १८८० साली भाऊ वारला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी हेही पटकीने दगावले. वयाच्या तेविसाव्या वर्षी, पदरी तान्ही मुलगी मनोरमा असताना, त्या वैधव्याच्या अवस्थेत पुण्यास आल्या.

बाप्तिस्मा : मान्यता ते भरवसा

आसामात सिल्चर येथे असताना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत रमाबाईंच्या हाती आली होती. तथापि निर्णायक प्रभाव पडला तो इंग्लंडमध्ये. १८८३ साली त्या वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाकडे राहावयास गेल्या. या भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेले 'पतित' समजल्या गेलेल्या स्त्रियांचे आश्रयस्थान त्यांनी पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची धर्माच्या नावाने सेवा होऊ शकते, ही गोष्ट त्यांना नवी होती. याचा उगम कोठे, असे विचारता त्यांच्यासमोर योहानाच्या शुभवर्तमानातील ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा आली. ईश्वराच्या प्रीतीची कल्पना त्यांना प्रथम पटली ती अशा रीतीने. तत्त्वचर्चेच्या आधी ती एका कृतीतून दिसली. नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाने त्यांच्या बौद्धिक शंकांचे बऱ्याच अंशी निरसन केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

महत्त्वाची बाब अशी, की या घटनेला त्यांनी आपल्या विश्वासाची परिपूर्ती मानले नाही. १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आध्यात्मिक आत्मनिवेदनात त्या सांगतात, की बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे त्यांच्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, परंतु स्वतः ख्रिस्त नव्हता. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र वाचीत असता, हे अंतर त्यांच्या ध्यानी आले. मत मान्य करणे व स्वतःला सोपविणे यांतील जो भेद वर सांगितला, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठी ख्रिस्ती जीवनात क्वचितच सापडेल.

विश्वास आणि विवेकस्वातंत्र्य

स्वतःला ईश्वराच्या हाती सोपविणे म्हणजे धर्मसत्तेच्या हाती सोपविणे नव्हे, याविषयी रमाबाई प्रारंभापासून सावध होत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचा कुमारीपासून जन्म व चर्चचा अधिकार यांवर त्यांनी रोखठोक प्रश्न विचारले आहेत. त्यांनी आपला शाकाहार सोडला नाही. मनोरमेवर अमुकच पंथाचे संस्कार व्हावेत हा आग्रहही त्यांना मान्य नव्हता. गुरुस्थानी असलेल्यांविषयीचे प्रेम व कृतज्ञता कायम ठेवून त्यांनी आपल्या सदसद्विवेकबुद्धीचा हक्क राखला. हा पत्रव्यवहार १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केल्यावर रमाबाईंच्या श्रद्धेचा हा पैलू अभ्यासकांना उपलब्ध झाला.

याची दुसरी बाजू पुण्यात दिसली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालेले व पुढील वर्षी पुण्यास हलविलेले शारदासदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असे ठरले होते. रमाबाईंच्या प्रार्थनेला काही मुली स्वेच्छेने बसू लागल्या तेव्हा 'केसरी'तून प्रखर टीका झाली आणि १८९३ साली न्यायमूर्ती रानडे, डॉ. रा. गो. भांडारकर इत्यादींनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. अनेक मुली काढून नेण्यात आल्या. पालकांच्या विश्वासाचा भंग झाला की मुलींच्या विवेकस्वातंत्र्याचा मान राखला गेला, याविषयी मतभेद आजही संभवतात. प्रस्तुत संदर्भात लक्षणीय ते एवढेच, की सुधारक मित्रांचा आधार तुटत असताना रमाबाईंनी आपली प्रार्थना बंद दाराआड नेली नाही.

केडगाव : विश्वासाचे कृतीत रूपांतर

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. वीस वर्षांपूर्वीची आपली भूक आठवून रमाबाई तेथे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया त्यांनी आणविल्या. पुण्यात प्लेगमुळे निर्बंध होते. त्यामुळे आधीच विकत घेतलेल्या केडगाव येथील शेतजमिनीवर त्यांची सोय करण्यात आली. येथूनच मुक्ती मिशनचा उदय झाला. १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आणण्यात आल्या व संस्थेतील संख्या जवळजवळ दोन हजारांवर गेली.

बॉस्टन येथे १८८७ साली स्थापन झालेल्या अमेरिकन रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे अर्थसाहाय्य देण्याचे मान्य केले होते. ती मुदत १८९८ मध्ये संपत होती. म्हणजे उत्पन्नाची हमी सरत असतानाच खाणाऱ्यांची तोंडे वाढत होती. इंग्लंडमध्ये अनाथालये चालविणारे जॉर्ज म्यूलर व चीनमध्ये कार्य करणारे हडसन टेलर यांच्या संस्थांची वृत्तान्ते त्यांनी वाचली होती. ठरावीक उत्पन्नाऐवजी ईश्वरावर भिस्त ठेवून संस्था चालविण्याचा त्यांचा मार्ग रमाबाईंनी स्वीकारला.

हा मार्ग निष्क्रियतेचा होता असे मात्र म्हणता येणार नाही. केडगावात शेती होती, विणकाम होते, छापखाना होता व तो स्त्रिया चालवीत. 'कृपासदन' हे समाजाने बहिष्कृत केलेल्या स्त्रियांसाठी होते. अंध स्त्रियांना ब्रेल लिपी शिकविली जाई. वडिलांच्या पिढीत विश्वास होता, पण अंगमेहनतीचे काम त्याला विसंगत वाटत होते. रमाबाईंनी प्रार्थना व काम यांतील ही भिंत काढून टाकली. ईश्वराची प्रीती कोणाची योग्यता पाहत नसेल, तर आश्रय देतानाही जात, वैधव्य वा चारित्र्य पाहता येणार नाही, हा त्यातून निघणारा निष्कर्ष त्यांनी प्रत्यक्षात आणला. त्यांच्या विश्वासाची कसोटी १९०५ मध्ये केडगावात झालेल्या भावनोत्कट आध्यात्मिक जागृतीपेक्षाही या दैनंदिन व्यवहारात अधिक लागते.

अखेरची परीक्षा

आयुष्याची शेवटची सुमारे दोन दशके रमाबाई हिब्रू व ग्रीक भाषांतून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यात गढून गेल्या होत्या. अल्पशिक्षित स्त्रियांना ते स्वतः वाचून समजावे, म्हणून सोप्या भाषेचा त्यांचा आग्रह होता. ईश्वर प्रत्येकीच्या सन्निध आहे असे मानल्यास त्याचे वचन वाचण्यासाठी मध्यस्थाची गरज पडू नये, हा या श्रमामागील तर्क होता. जुलै १९२१ मध्ये मनोरमेचे निधन झाले. आईची सहकारी व संस्थेची भावी धुरीण म्हणून जिच्याकडे पाहिले जात होते, ती एकुलती एक मुलगी आधी गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे देहावसान झाले. संपूर्ण मराठी बायबल त्यानंतर, १९२४ साली, मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले.

सुखी शेवट हेच ईश्वरी प्रीतीचे प्रमाण मानले, तर हे जीवन त्या प्रमाणात बसत नाही. आईवडील, भावंडे, पती व अखेर मुलगी असे सर्व आप्त रमाबाईंच्या डोळ्यांदेखत गेले. परंतु ख्रिस्ती विचारात ते प्रमाणच नाही. वधस्तंभ हे त्या धर्माचे केंद्रचिन्ह असण्याचा अर्थ असा, की ईश्वराचे सान्निध्य दुःख टळण्यात शोधावयाचे नसून दुःखाच्या आत शोधावयाचे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते, की रमाबाईंच्या ठायी ईश्वरी सान्निध्य व प्रीती यांवरील विश्वास तीन अंगांनी प्रकट होतो. तो सिद्धान्ताच्या मान्यतेपाशी न थांबता आत्मसमर्पणापर्यंत जातो. तो धर्मसत्ता व लोकमत या दोहोंसमोर विवेकाचे स्वातंत्र्य राखतो. तो फलाची हमी न मागता दुसऱ्याची जबाबदारी उचलतो. हा विश्वास इतरांनी स्वीकारावा किंवा नाही हा ज्याच्या त्याच्या निवडीचा प्रश्न आहे. मात्र महाविद्यालयीन अध्यापनात रमाबाईंचे स्त्रीविषयक कार्य शिकविताना त्यांची श्रद्धा वगळली, तर एक साधा प्रश्न अनुत्तरित राहतो : स्वतःचे कुटुंब भुकेने गमावलेली स्त्री उत्पन्नाची हमी संपत असताना शेकडो भुकेल्या मुलींना घरी का आणते? या प्रश्नाचे रमाबाईंनी स्वतः दिलेले उत्तर त्यांच्या विश्वासात आहे, आणि इतिहासाच्या अभ्यासकाने ते निदान ऐकून घेणे आवश्यक आहे.