दुहेरी केसांच्या कुत्र्याची निगा

मळ्याच्या राखणीसाठी काही शेतकरी अल्सेशियन कुत्रा पाळतात. त्याच्या अंगावर वर राठ केस व खाली दाट, मऊ लव असे दोन थर असतात. ऋतू पालटताना ही लव पुष्कळ गळते. उकाडा होईल म्हणून कित्येक जण त्याचे सर्व केस कातरतात. हेतू चांगला असला, तरी ही चूक होय. उघडी कातडी उन्हाने भाजण्याचा संभव असतो व केस पूर्ववत येतीलच असे नाही.

त्याऐवजी गळतीच्या दिवसांत दररोज रुंद दात्यांच्या फणीने सुटी लव विंचरून काढावी, म्हणजे अंगाला वारा लागतो. गुंता आंघोळीपूर्वीच सोडवावा. भिजल्यावर तो घट्ट होतो. विंचरताना कानामागे गोचीड आहेत काय, तेही पाहावे. कुत्रा मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो; तेव्हा त्याला सावली व ताजे पाणी यांची उणीव भासू देऊ नये.