तालमीपलीकडचा सूर

हिंदुस्थानी संगीताची तालीम ही मुळात अनुकरणाची तालीम होय: गुरूने घेतलेली जागा शिष्याने तशीच घ्यावी, पलटे घोटावेत, बंदिशीच्या अक्षरालाही धक्का लावू नये, हा घराण्यांचा शिरस्ता. तेव्हा अशा परंपरेत कलावंताला स्वतःचा सूर गवसतो तरी कसा? तीन थोर गायकांच्या चरित्रांत या प्रश्नाचे उत्तर एका विलक्षण योगायोगाने सापडते. तिघांचेही गाणे ऐन उमेदीत बंद पडले होते.

अल्लादिया खाँसाहेबांचा (१८५५–१९४६) आवाज आमलेटा संस्थानच्या दरबारी अतोनात गावे लागल्यामुळे बसला आणि परतला तो पूर्वीची तेजी गमावूनच. उरलेल्या आवाजाला काय साधेल याचा सखोल विचार करून त्यांनी विलंबित लयीशी मात्रेमात्रेने गुंतलेली, पेचदार आणि आकारयुक्त गायकी सिद्ध केली. १८९५ साली ते कोल्हापुरी शाहू महाराजांच्या चाकरीत रुजू झाले आणि पुढे केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर या गोमंतकीय शिष्यांनी ही मिळकत शतगुणित केली.

बेळगावनजीक सुळेभावीस १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व बालवयात तबकड्यांवरील नामांकितांचे गाणे हुबेहूब उतरवीत. मुंबईस प्रा. बी. आर. देवधरांकडे तालीम झाल्यावर क्षयाने गाठले आणि १९४८ साली ते हवापालटासाठी माळव्यातील देवासला आले. गाणे वर्ज्य असलेल्या त्या वर्षांत अंथरुणावर पडल्यापडल्या माळव्यातील बायकांची लग्नगीते, ऋतुगीते आणि नाथपंथी भजने त्यांच्या कानी येत राहिली, आणि रागांचे मूळ लोकधुनांत आहे हा त्यांचा सिद्धांत तेथेच रुजला. पुढे गाऊ लागले तेव्हा क्षयातून वाचलेल्या एकाच फुप्फुसावर दीर्घ दमसासाची मदार ठेवता येईना. म्हणून तानेचे लहानलहान, तीक्ष्ण तुकडे, दोन स्वरावलींमधली बोलकी विश्रांती आणि अकस्मात झळकणारा तार षड्ज यांतून त्यांनी आपली शैली घडविली. ‘अनूपरागविलास’ (१९६५) हा त्या चिंतनाचा लिखित पुरावा.

किशोरी आमोणकर मोगूबाईंच्या कन्या, आणि मातेची तालीम अत्यंत कडक. तारुण्यात त्यांचाही आवाज काही काळ गेला. त्या सक्तीच्या मौनात स्वराच्या भावाशयाचा ध्यास त्यांनी घेतला आणि नंतर घराण्याच्या चौकटीत आलापीला असा ऐसपैस अवकाश दिला की कर्मठांची नाराजीही त्यांनी निःशंकपणे पत्करली.

व्याधी प्रतिभा देत नाही. हे तिघे तरले ते आधी कमावलेल्या तालमीच्या पुंजीवर. परंतु गळा आपोआप जे करीत होता ते करेनासा झाला, तेव्हा ही जागा मी का घेतो, हा प्रश्न त्यांना प्रत्येक स्वरापाशी विचारावा लागला, आणि त्या उत्तरांतूनच त्यांचे स्वत्व आकारास आले. निराळे दिसण्याच्या हव्यासाने तालीम अर्धवट सोडणाऱ्यास हा प्रश्न कधी भेटतच नाही, तर तालमीतच समाधान मानणारा तो टाळतो. धडधाकट गळ्याच्या साधकाने तो आपण होऊन, रोजच्या रियाजात, स्वतःला विचारावा, हीच या तीन चरित्रांची खरी शिकवण आहे.