नवा ड्राइव्ह, जुना लॅपटॉप

सुट्टीवर निघायच्या आधी संचलनाचे आणि क्रीडास्पर्धांचे व्हिडिओ घ्यायला लॅबमध्ये रांग लागते. वेळ असतो प्रेपनंतरचा एक तास. बऱ्याच आई-बाबांनी आता एसएसडीवाला ड्राइव्ह घेऊन दिला आहे, खोक्यावर ‘सेकंदाला १००० मेगाबाइट’ असं छापलेलं असतं. पण दहा-बारा वर्षांच्या लॅपटॉपला जोडला की आकडा पस्तीसच्या वर सरकत नाही. ड्राइव्ह बहुतेक वेळा चांगला असतो. अडतं ते पोर्टवर.

यूएसबी २.० हे पोर्ट २००० साली आलं. त्याचा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून कागदावर ६० मेगाबाइट आणि प्रत्यक्षात ३० ते ४०. २००८ च्या यूएसबी ३.० चा वेग ५ गिगाबिट, हातात साधारण ४०० मेगाबाइट पडतात. (याच पोर्टला पुढे ३.१ जेन १ आणि मग ३.२ जेन १ अशी नावं दिली. एका कॅडेटला तीन रोल नंबर!) खोक्यावरचे १००० हवे असतील तर १० गिगाबिटचं पोर्ट लागतं.

समजा व्हिडिओ ६० जीबीचे आहेत. यूएसबी २.० वर जवळजवळ अर्धा तास लागेल, म्हणजे त्या तासात दोघांचंच काम होईल. यूएसबी ३.० वर हिशेबाने अडीच मिनिटं यायला हवीत, पण लॅपटॉपच्या आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर तीच सेकंदाला शंभरेक मेगाबाइट देते. म्हणजे दहा मिनिटं. तरीही तासात सहा जण होतात.

त्या काळच्या बऱ्याच लॅपटॉपवर दोन्ही प्रकारची पोर्टं असतात, म्हणून लावण्याआधी आत डोकावून बघा. ३.० ची पट्टी बहुधा निळी असते किंवा शेजारी ‘एसएस’ ही अक्षरं असतात. रंगावर फार विसंबू नका, सगळ्या कंपन्या तो पाळत नाहीत. केबल ड्राइव्हसोबत आलेलीच वापरा. फोन चार्जिंगच्या कितीतरी सी-टाइप केबलींमधून डेटा २.० च्याच वेगाने जातो. पिन अगदी हळू सरकवली तरी कधी कधी जोडणी २.० वर होते, कारण जुने चार संपर्क आधी टेकतात आणि नवे पाच नंतर. काढून एका झटक्यात लावा.

विजेचाही प्रश्न आहे. २.० पोर्ट ५०० मिलिअँपिअर देतं, ३.० पोर्ट ९००. ड्राइव्ह मध्येच गायब होत असेल तर हब काढून थेट लॅपटॉपला जोडा. आणि ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश आला तर तो वेगाचा दोष नाही: एफएटी३२ वर ४ जीबीची एक फाइल मावत नाही. एक्सएफएटी करून घ्या, पण फॉरमॅट करताना आधीचं सगळं पुसलं जातं.

पालकांसाठी: घरच्या लॅपटॉपला फक्त २.० असेल तर महागातला ड्राइव्ह घेऊन त्यावर काही फरक पडणार नाही. माझ्या मते त्या पैशांत आतली हार्ड डिस्क बदलून साटा एसएसडी बसवलेली बरी, सगळा लॅपटॉपच हलका चालतो. व्हिडिओ नुसते बघायचे असतील तर ते कॉपी करायचीही गरज नाही. फुल एचडीला सेकंदाला दोन-तीन मेगाबाइट पुरतात, ते जुनं पोर्टही आरामात देतं.