संगणक-कुतूहल : जुन्या लॅपटॉपला कोणतं लिनक्स मानवेल?

जुना लॅपटॉप सुरू केला की बराच वेळ नुसता गरगरत राहतो. बहुतेकदा तो बिघडलेला नसतो, रॅम अपुरी पडते. रॅम भरली की संगणक जास्तीची माहिती हार्ड डिस्कवर ठेवतो आणि डिस्क रॅमच्या मानाने फारच मंद. म्हणून सगळं अडखळतं.

इथे लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम कामी येते. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये सुरू केलेला कर्नल हे तिचं इंजिन. एकाच इंजिनावर कुणी बस बांधावी, कुणी टेम्पो, तसे उबुंटू, फेडोरा, मिंट हे डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे वेगवेगळे अवतार. त्यांच्या वजनात मोठा फरक पडतो तो डेस्कटॉपमुळे, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या मांडणीमुळे. ग्नोम देखणा, पण रॅम जास्त खातो. एक्सएफसीई साधा आणि हलका.

रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ८ जीबी असेल तर उबुंटू खुशाल चालेल. लॅपटॉप नवाकोरा असेल तर फेडोरा बरा, कारण त्यात नवा कर्नल लवकर येतो.

निवडलेला डिस्ट्रो आधी पेनड्राइव्हवरून चालवून पाहा. डिस्कला धक्का लागत नाही. वायफाय जोडलं जातंय का, आवाज येतोय का, मराठी टाइप होतंय का, हे तपासा. सगळं जमलं तर फायलींचा बॅकअप घ्या आणि मगच इन्स्टॉल करा.