प्रतवारी म्हणजे नक्की काय?

मंडळी, वर्गवारी आणि प्रतवारी एकच समजू नका. काजू, मसाले, लोणची असे गट पाडले की झाली वर्गवारी. पण एकाच मालात डावं-उजवं करून दर वेगळे लावले, की ती प्रतवारी.

काजूगराचंच बघा. अख्खा गर, पाकळी, तुकडा वेगवेगळे. अख्ख्यातही डब्ल्यू 180, 240, 320. हा आकडा म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, जास्तीत जास्त किती गर बसतात तो. आकडा लहान, तेवढा गर मोठा आणि दर चढा. (नवखा माणूस हमखास उलटं समजतो!) 240 मध्ये 320 मिसळलेत, तर व्यापारी दर 320 चाच लावणार, वर पुढच्या वेळी प्रत्येक खोका उघडून बघणार. तेव्हा 454 ग्रॅम तोला, गर मोजा, मगच लेबल चिकटवा.